तिसरं अपत्य

उमेदवारी अर्जांची छाननी दुसऱ्या दिवशी होती. आत्या ओट्यावर लसूण सोलत बसली होती. माझ्या खिशात हरकतीचा अर्ज होता.

"समोरच्या पॅनेलच्या बाईंना तीन मुलं आहेत, आत्या. धाकटी 2009ची, ती नणंदेच्या रेशनकार्डावर. शपथपत्रात दोनच दाखवलीत. बाळंतपण तूच केलंस, डायरीत नोंद असेल."

"आहे. मग?"

"12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. कायदाच आहे."

"मला कायदा शिकवतोस? 1976 साली मी बावीस वर्षांची नर्स होते. नसबंदीच्या केसेसचं टार्गेट भरलं नाही की पगार अडायचा. जीप दिसली की बापे उसात लपायचे. एक म्हातारा तेवढा सापडला. साठीचा, बायको कधीच गेलेली. वयाच्या रकान्यात मी पंचेचाळीस लिहिलं. साहेब खूश."

त्या एका वर्षात देशात 82 लाखांवर नसबंद्या झाल्या. तो म्हातारा त्यातलाच एक.

"पण लोकसंख्येची भीती खोटी होती का?" मी म्हटलं. "1951 साली छत्तीस कोटी होतो, आता एकशेचाळीसच्या वर. आजोबांची आठ एकर होती, माझ्या वाट्याला दीड आली. पोटं वाढली, जमीन काही व्यायली नाही."

"भीती खरीच होती रे. सातव्या खेपेला हातात गेलेल्या बाळंतिणी पाहिल्यात मी. ऑपरेशनला मी कधी पाप म्हटलं नाही. पण जीप कुणाच्या दारात थांबायची? साहेबाच्या बंगल्यापुढे थांबलेली मी तरी पाहिली नाही."

मला पॉल एर्लिच आठवला. त्याचं 1968चं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' दिल्लीत टॅक्सीतून दिसलेल्या गर्दीपासून सुरू होतं. त्या काळी पॅरिस दिल्लीहून मोठं होतं, पण बॉम्ब दिसला तो दिल्लीत. हे आत्याला सांगितलं नाही. मुद्दा तिच्या पदरात पडला असता.

"आता किती होतात बायकांना?" तिनेच विचारलं.

"2019-21च्या पाहणीत महाराष्ट्रात सरासरी 1.7."

"म्हणजे दोनसुद्धा नाहीत. शाळेत पहिलीला सहा पोरं आहेत, मास्तर पट कसा टिकवायचा म्हणून रडतो. आणि हे जीपने नाही झालं. आणीबाणीनंतर बापे दवाखान्याकडे फिरकलेच नाहीत. टाके बायकांनी घेतले."

हे मात्र आकड्यांतही दिसतं. त्याच पाहणीत देशात विवाहित बायकांपैकी शंभरात 38 जणींचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुषांचं हजारात तिघांचं.

"पण तिने खोटं शपथपत्र दिलंय."

आत्याचा हात थांबला. "हो. ते मलाही आवडलेलं नाही. तू हरकत घेतोयस ती लोकसंख्येसाठी का?"

"आपल्या दोन जागा कमी पडताहेत."

"हां. असं बोल." ती उठली, आतून डायरी आणून माझ्या मांडीवर ठेवली. "उद्या कुणी विचारलं तर खरं तेच सांगीन. एकदा खोटं लिहून झालंय. पण पान तुझं तू काढ." पुन्हा लसणाला बसत म्हणाली, "ती पोरगी चारचौघांत आपल्या आईला मामी म्हणते. ठाऊक आहे तुला?"

मी पानं उलटत राहिलो. नोंद सापडली. स्त्री, 2 किलो 400, लगेच रडली. खाली आईचं पूर्ण नाव होतं.