वाट मोकळी करणाऱ्यासाठी

हे देवा, दयाघना, सर्वसाक्षी,

मेजर राम राघोबा राणे यांचं नाव घेऊन आम्ही तुझ्यापुढे हात जोडले आहेत. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात लष्करी रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. वय ७६. आषाढ नुकताच लागला होता आणि पालख्या पंढरीच्या वाटेवर होत्या. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रस्ते मोकळे केले, त्याला न्यायला तू हेच दिवस निवडलेस. तुझ्याजवळ त्यांना विसावा मिळाला आहे, असा आमचा विश्वास आहे. आज मागणं आहे ते आमच्यासाठी. त्यांना आठवताना आमचं मन खरं राहू दे. ही आठवण पुतळ्याला हार घालून संपू नये, ती आमच्या हातापायांत उतरावी.

देवा, तुझे आभार कारवारजवळच्या चेंडिया गावासाठी. त्या गावच्या एका कुटुंबात २६ जून १९१८ रोजी तू हे लेकरू जन्माला घातलंस. वडील पोलिसात शिपाई. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाच्या शाळा बदलत गेल्या, गावं बदलत गेली. मोठं घराणं नव्हतं, हाताशी पैसा नव्हता. त्या घरानं पोराला कष्टाची लाज बाळगू नये एवढं शिकवलं, आणि तेवढी शिदोरी त्याला जन्मभर पुरली. १० जुलै १९४० रोजी, बाविशी ओलांडलेला हा तरुण बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला. खडकी हे ज्यांचं घर, त्या बॉम्बे सॅपर्सचा तो झाला.

सॅपरचं काम तू जाणतोस, देवा. पायदळाच्या आधी, रणगाड्याच्या आधी जो पुढे जातो तो सॅपर. पूल बांधायचा त्यानं, आणि वेळ आली तर तोच पूल उडवायचाही त्यानंच. जमिनीत पेरलेला सुरुंग बोटांनी चाचपून काढायचा. मागून येणारे त्या रस्त्यानं निर्धास्त जातात, तेव्हा तो पुढच्या वळणावर गुडघे टेकून बसलेला असतो. अशा कामाला लागणारा धीर तूच देतोस. तो त्यांना दिलास, म्हणून तुझे आभार.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर, बुथिडाँगला, तू त्यांना सांभाळलंस. फौज मागे येत होती आणि मागे उरलेला युद्धसाठा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तो नष्ट करायचं काम त्यांच्याकडे आलं. सगळे निघून जात असताना शेवटपर्यंत थांबायचं आणि मग जपानी पहाऱ्यांतून वाट काढत आपल्या माणसांत परतायचं. ते परतले. शिपायाचा हवालदार झाला. देश स्वतंत्र झाल्यावर, १५ डिसेंबर १९४७ रोजी, ते सेकंड लेफ्टनंट झाले. शिपायाच्या रांगेतून अधिकाऱ्याच्या खांद्यापर्यंत आलेल्या या माणसाला खालच्या माणसाच्या पायातला काटा ठाऊक होता. ही जाण त्यांना तू दिलीस, तीच पुढे जीव वाचवणारी ठरली.

मग जम्मू-काश्मीरच्या युद्धातला १९४८ चा एप्रिल आला. राजौरी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात हल्लेखोरांच्या हाती पडली होती. तिथल्या बायाबापड्यांचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांचा, आसऱ्याला आलेल्या निर्वासितांचा आक्रोश तुझ्या कानांवर गेला होता. झांगर मार्चमध्ये परत मिळालं होतं, पण नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणारा रस्ता सुरुंगांनी, पाडलेल्या झाडांनी आणि उडवलेल्या मोऱ्यांनी बंद होता. रणगाड्यांना वाट हवी होती. ती करून द्यायला तू या माणसाला आणि त्याच्या तुकडीला पाठवलंस.

८ एप्रिलच्या सकाळी, अकराच्या सुमाराला, काम सुरू होण्याआधीच तोफगोळे कोसळले. तुकडीतले दोघे जागीच गेले. पाच जण जखमी झाले, त्यांत राणे स्वतः होते. देवा, त्या दोघांना आम्ही आज वेगळं हात जोडतो. त्यांच्या आयांनी ती बातमी कोणत्या उंबऱ्यावर ऐकली, हे तुला माहीत आहे. तुझ्या वहीत त्यांचं नाव मेजर राण्यांच्या नावाशेजारीच असेल.

जखमेला पट्टी बांधून माणूस मागे गेला असता, तर कुणी बोल लावला नसता. राण्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि काम धरलं. बारवालीची डोंगरधार दुपारी हाती आली. शत्रू अजून पुरता हटला नव्हता, तरी त्यांनी रात्री दहापर्यंत, मशीनगनच्या माऱ्यात, रणगाड्यांसाठी बाजूनं नवी वाट खोदली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा तेच. चिडाची झाडं आडवी पाडलेली, ती उडवायची. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं, पुन्हा सुरुंग. मोरी फोडलेली, तिला वळसा घालून रस्ता काढायचा. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला हात पुन्हा मातीत. या दिवसांत वाटेत सुरुंगांची पेरणी लागली, तेव्हा ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्या बरोबरीनं सरपटत सुरुंग काढत गेले, दोराच्या झटक्यांनी चालकाला थांब आणि चल सांगत राहिले, असं सांगतात. वर टनावारी लोखंड, खाली स्फोटकं, आणि मधल्या वीतभर जागेत एक माणूस शांतपणे आपलं काम करत होता.

१० एप्रिललाच दुपारी दोनला रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. दुसरा कुणी असता तर तिथं अंग टाकलं असतं. मागून रसद येते आहे, जखमींना न्यायच्या गाड्या येणार आहेत, त्यांना रणगाड्यांसारखं नदीच्या पात्रातून जाता येणार नाही, हे राण्यांच्या ध्यानात होतं. म्हणून ते अन्नपाण्यावाचून रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करत राहिले. ११ एप्रिलला सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा झाला. रात्री दहापर्यंत ते आणखी पुढे खपत होते. त्या वाटेनं फौज राजौरीला पोचली. त्या खोऱ्यात जे जिवंत उरले होते, त्यांना पुन्हा श्वास घेता आला.

त्या चार दिवसांसाठी राष्ट्रानं त्यांना परमवीर चक्र दिलं. देवा, हे पदक जिच्या हातून घडलं त्या सावित्रीबाई खानोलकरांचीही आज आठवण येते. परक्या भूमीत जन्मून त्या इथल्या झाल्या, महाराष्ट्राची सून झाल्या, आपली पुराणं त्यांनी आत्मसात केली आणि कांस्याच्या चक्रावर इंद्राचं वज्र कोरलं. ज्या वज्रासाठी दधीचीनं आपल्या अस्थी दिल्या, तेच वज्र. पहिल्या पाच परमवीरांपैकी तिघांनी ते रणात देह ठेवून मिळवलं. राणे आणि लान्स नायक करम सिंग यांना मात्र तू जगण्यासाठी मागे ठेवलंस. दधीचीचं दान एकदाच देऊन संपलं. जगणाऱ्या सैनिकाला ते रोज थोडं थोडं द्यावं लागतं.

म्हणून, हे कृपाळा, त्या चार दिवसांइतकेच आम्ही त्यांच्या उरलेल्या वर्षांसाठी तुझे आभार मानतो. दोन तपांहून अधिक काळ ते वर्दीत राहिले. त्यातल्या बहुतेक दिवसांची कुठेही नोंद नाही. पहाटेची परेड, हजेरीची वही, नव्या पोरांना हातात सुई धरावी तसा सुरुंग धरायला शिकवणं, एखाद्याची रजा मंजूर करून घेणं. त्या साध्या दिवसांनीच ते चार दिवस घडवले होते. आणि ते चार दिवस सरल्यावरही साधे दिवस तितक्याच निष्ठेनं करता येतात, हे त्यांनी दाखवलं. पराक्रम गाजवून झाल्यावर पुन्हा नेमानं कामाला जाणं, ही सेवा आम्हाला अधिक कठीण वाटते. तिचं मोल तूच जाण.

आज कारवारच्या किनाऱ्यावर, युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ, त्यांचा पुतळा उभा आहे. जानेवारी २०२३ पासून अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचं नाव आहे. हा मान त्यांचा हक्काचा आहे. पण देवा, ज्यांच्या नावाचं बेट नाही आणि पुतळाही नाही, अशा सगळ्या सैनिकांनाही तू या प्रार्थनेत सामावून घे.

साताऱ्याच्या अपशिंग्यात पिढ्यान् पिढ्या घराघरांतून पोरं फौजेत जातात. त्या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत. त्या घरांना सांभाळ. सीमेवर एका चौकीत नवरा आणि इकडे पाऊस, पेरणी, सासू-सासरे, पोरांची फी असा सगळा भार जिच्या अंगावर, त्या प्रत्येक बाईच्या पाठीशी उभा राहा. ५६ एपीओच्या लष्करी पत्त्यावर पत्रं धाडून उत्तराची वाट पाहत आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या आयांना धीर दे. तिरंग्यात गुंडाळून आलेल्या लेकाला ज्यांनी खांदा दिला, त्या बापांच्या खांद्यावर तुझा हात असू दे.

खडकीच्या पुनर्वसन केंद्रात कंबरेखालचं अंग निर्जीव झालेले जवान चाकाच्या खुर्चीत दिवस काढतात. त्यांना उभारी दे. त्यांची सेवा करणाऱ्यांचे हात थकू देऊ नकोस. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला काठी टेकत येणाऱ्या माजी सैनिकांची वाट सुकर कर, आणि खिडकीपलीकडच्या माणसाच्या मनात माया घाल. मिटल्या डोळ्यांपुढे अजून लढाई दिसते म्हणून ज्यांना झोप येत नाही आणि जे घरी कुणाला सांगत नाहीत, त्यांच्याजवळ रात्री तू बस.

नौशेरा, राजौरी, पूंछच्या शेतांत आजही सुरुंग दडलेले आहेत. गुरांमागे गेलेली पोरं, गवत कापणाऱ्या बायका त्यात पाय गमावतात. त्यांना राख. ते सुरुंग आज जे जवान शोधून काढतात त्यांची बोटं स्थिर ठेव. आणि १९४८ मध्ये त्या डोंगरात समोरच्या बाजूला जे पडले, त्यांच्याही आयांचे डोळे पुस. असा दिवस आण की त्या रस्त्यानं सफरचंदांच्या पेट्या, शाळेतली मुलं आणि लग्नाची वऱ्हाडं तेवढीच जावीत.

शेवटी आमच्याविषयी, देवा. आम्ही रोज रस्त्यानं जातो आणि तो कुणी केला हे विचारत नाही. मोठ्या कामाची वाट पाहत आम्ही हातातलं काम अर्धवट ठेवतो. आपल्यापुरतं पार पडलं की मागच्याकडे वळून बघत नाही. रणगाडे पुढे गेल्यावरही मागच्या गाड्यांसाठी थांबणारी ती बुद्धी आम्हाला दे. शिकवणाऱ्याला वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचव, डॉक्टरला रांगेतल्या शेवटच्या रोग्यापर्यंत, कचेरीतल्या माणसाला टेबलावरच्या शेवटच्या अर्जापर्यंत. जखम झाली तरी हातातलं काम सुटू नये, नाव झालं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला हजर राहता यावं.

मेजर राम राघोबा राणे यांच्यासारखं आयुष्य सगळ्यांना झेपणार नाही. पण प्रत्येकाच्या पुढ्यात रस्त्याचा एक तुकडा तू ठेवलेला आहेस. तो ओळखायला आम्हाला डोळे दे, तो साफ करायला बळ दे, आणि आमच्यामागून येणारा कोण, कुठल्या जातीचा, कुठल्या भाषेचा, हे न विचारता तो मोकळा करून द्यायचं मोठं मन दे. त्यांना अभिवादन करायचा अधिकार आम्हाला आमच्या कामातून मिळू दे.

तुझ्या चरणी एवढंच मागणं.