वंशावळीचा कागद आणि व्यवहाराचा नकाशा

पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा, आदिलाबादच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की तेलंगणाची सरहद्द, आणि मध्ये सिमेंटच्या कारखान्यांना चुनखडी पुरविणारी जमीन, अशा ठिकाणी वसलेल्या कोरपना तालुक्यात चोरट्या व्यापाराला वाटा शोधाव्या लागत नाहीत. राजुऱ्याचा हा सारा इलाखा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात मोडत असे. सरहद्द सरकली, पण सोयरिकी आणि बाजार जुन्याच वाटांनी चालत राहिले. १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती, तेव्हा पेट्या वाहणारा पोरगा पकडला जाई, मुद्देमाल जप्त होई, आणि त्याच्या जागी दुसरा पोरगा त्याच रस्त्याला लागे. हाती लागला तो टोळीतला सर्वांत स्वस्त माणूस, हे कळण्यास पांडित्य लागत नाही. महाग माणूस कोणता, हे ठरविण्यास मात्र शास्त्र लागते.

सामाजिक जाळ्यांच्या विश्लेषणाचे शास्त्र माणसांना बिंदू आणि त्यांच्या संबंधांना रेषा मानते. लिंटन फ्रीमन या समाजशास्त्रज्ञाने १९७७ साली त्यात मध्यस्थतेचे एक गणिती माप मांडले. ज्याच्या ओळखी पुष्कळ, तो मोठा, ही आपली सहज समजूत; परंतु एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन गटांमधली वाट ज्या एकाच्या अंगणातून जाते, त्याच्या ओळखी चारच असल्या तरी तो निघाला की व्यापार अडतो, असे हे माप सांगते. वाघाच्या व्यापारात याची प्रचीती येते. लोखंडी सापळा लावणाऱ्याने गिऱ्हाईक पाहिलेले नसते, गिऱ्हाइकाने जंगल पाहिलेले नसते. २०२३ च्या जूनअखेरीस गुवाहाटीत वाघाचे कातडे व हाडे सापडली आणि जुलैत गडचिरोलीजवळ आंबेशिवणीला धरपकड झाली. २०२५ च्या जानेवारीत राजुऱ्याजवळ एका टोळीचा म्होरक्या पकडला गेला, तेव्हा पैशाच्या देवघेवीचा माग शिलाँग आणि मिझोरामपर्यंत पोहोचला. सापळा आणि शिलाँग यांच्या मधली माणसे थोडी, आणि तीच मोलाची.

तथापि या शास्त्राच्या भक्तांनी थोडा धीर धरावा. माल्कम स्पॅरो या अभ्यासकाने १९९१ मध्येच इशारा दिला होता की पोलिसांच्या दप्तरातील जाळे अपुरे असते, त्याची हद्द अस्पष्ट असते, आणि ते स्थिर राहत नाही. ज्याच्यावर पाळत अधिक, त्याच्या रेषा अधिक. म्हणजे पुष्कळदा नकाशा टोळीचा न निघता तपास अंमलदाराच्या कुतूहलाचा निघतो. नेदरलँड्समधील गांजाच्या व्यवसायाचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर अधिक अस्वस्थ करणारा आहे: काही माणसे काढून घेतल्यावर ते जाळे स्वतःला पुन्हा बांधून घेते, आणि क्वचित पूर्वीपेक्षा अधिक कार्यक्षम होते. दारूच्या पेट्यांचा अनुभव असलेल्या कोरपन्याच्या माणसाला याचे नवल वाटू नये.

परंतु मला खरी धास्ती वाटते ती निराळ्या गोष्टीची. या देशात असा नकाशा प्रथम काढला तो संगणकाने नव्हे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनने जबलपुरात माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून ठग घराण्यांच्या वंशावळी तयार केल्या आणि १८३६ च्या आपल्या ग्रंथात त्या छापल्या. कोणी कोणाचा गळा आवळला, या प्रश्नाशेजारी कोण कोणाचा पुतण्या, हा प्रश्न येऊन बसला. हीच दृष्टी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली, आणि गुन्हा हा जन्माचा वारसा ठरला. तो कायदा १९५२ साली गेला, पण आंबेशिवणीच्या वेळी ‘बावरिया’ आणि राजुऱ्याच्या वेळी ‘बहेलिया’ ही जमातींचीच नावे वृत्तपत्रांनी टोळीची नावे म्हणून बिनदिक्कत छापली. सारे कुटुंब पालांत राहते, फोन एक असतो, तोही हातोहात फिरतो. अशा ठिकाणी कॉल डिटेल्स यंत्रात घातले की आजीपासून नातवापर्यंत सर्व बिंदू एकमेकांना जोडले जातात, आणि दूरचा दलाल, जो सिमकार्ड बदलीत असतो, तो कागदाच्या कडेला एखाद्या बारीक रेषेवर लोंबकळत राहतो. हा दोष गणिताचा नव्हे. रेषा ओढताना नाते आणि व्यवहार यांत फरक न करणाऱ्या हाताचा आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५०(८) प्रमाणे सहाय्यक वनसंरक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदविलेला पुरावा पुढे न्यायालयात ग्राह्य धरता येतो. पोलिसांना सहसा नसलेला हा अधिकार आहे. म्हणूनच चौकशीस कोणाला बोलवावे, हे ज्या आकृतीवरून ठरते तिच्या प्रत्येक रेषेवर तारीख, आधार आणि प्रकार लिहिलेला असावा: पैसे, माल, निरोप की केवळ सोयरीक. नुसत्या सोयरिकीवर किंवा एका पालात झोपण्यावर उभी असलेली रेषा आरोपपत्रापूर्वी खोडावी, आणि खोडल्यानंतर उरलेल्या आकृतीची प्रत आरोपीच्या वकिलास द्यावी.