तोच हा देवदत्त

औरंगाबाद शहरात औरंगपुऱ्यातील एका करसल्लागाराच्या कचेरीत 1990 च्या सुमारास घडलेला एक प्रसंग मी अद्याप विसरलेलो नाही. कारण जीर्ण वस्त्र टाकून नवे धारण करावे तसा आत्मा देह पालटतो, हा बालपणापासून मान डोलावून ऐकलेला गीतेतला दृष्टान्त त्या दिवशी मला प्रथमच अपुरा वाटला.

कचेरीतल्या संगणकाची 20 मेगाबाइटची हार्डडिस्क पक्षकारांच्या जमाखर्चाने तुडुंब भरली, म्हणून मालकांनी पदरमोड करून 40 मेगाबाइटची नवी आणविली. डॉस 3.3 ही तेव्हाची कार्यप्रणाली डिस्कवरील सेक्टरांचे क्रमांक सोळा बिटांत लिही. सोळा बिटांत 65,536 हून अधिक क्रमांक मावत नाहीत, आणि सेक्टर असे 512 बाइटांचा, तेव्हा कोणत्याही एका विभागात 32 मेगाबाइटांपलीकडची जागा तिच्या लेखी नव्हतीच. मग एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन वाटे घातले. ही भाऊबंदकी कशीबशी निभावली.

खरा पेच हिशेबाच्या प्रोग्रामने घातला. त्याच्या साऱ्या फाइली फ्लॉपींवर उतरवून नव्या डिस्कवर चढविल्या होत्या, एक अक्षरही गहाळ नव्हते, तरी तो सुरू होताच मूळ फ्लॉपी मागे, आणि ती घातली की परवाना संपल्याचे बजावी. नकलेस पायबंद म्हणून विक्रेत्याने एक खूण फाइलीच्या मजकुरात न ठेवता डिस्कवरील एका नेमक्या जागी बसविली होती. मजकुराची नक्कल झाली, जागेची कशी व्हावी? जुनी डिस्क काढण्यापूर्वी परवाना फ्लॉपीवर परत घ्यावयाचा असतो, हे आम्हां कोणासच ठाऊक नव्हते, आणि तंत्रज्ञाने तर उत्साहाच्या भरात ती डिस्क फॉरमॅटही करून टाकली होती. मालकांना अर्थात आत्म्यापेक्षा विवरणपत्रांच्या मुदतीची चिंता अधिक होती.

वेदान्ती म्हणतात, ‘तोच हा देवदत्त’ या वाक्यातला तेव्हाचा देशकाल आणि आताचा देशकाल ही दोन्ही विशेषणे सोडा, म्हणजे जो उरतो तो एकच देवदत्त. आमच्या प्रोग्रामचे सारे देवदत्तपण मात्र त्या ‘देशा’तच होते, तो सोडताच उरले ते प्रेत. उलट बौद्धांना ही अडचण पडत नाही. शहराच्या उत्तरेस टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी पाहताना मला नेहमी असंग-वसुबंधूंच्या योगाचाराची आठवण होते, ज्याने चित्ताच्या तळाशी आलयविज्ञान, म्हणजे शब्दशः कोठार, कल्पिले, आणि त्यात अविकारी असे काही न ठेवता केवळ बीजांचा अखंड प्रवाह ठेवला. मिलिंद राजाला नागसेनाने सांगितलेच होते, की एका दिव्याने दुसरा पेटतो तेव्हा इकडून तिकडे काहीच जात नाही. या न्यायाने आमची नक्कल ही मुळाची निर्विवाद वारस ठरते. विक्रेत्याने बहुधा नागसेन वाचला नसावा.

पण वारस ठरवावयाचा कोणी? फाइल नावाने मागणारे प्रोग्राम नव्या डिस्कवर सुखाने नांदले. जागेच्या क्रमांकाने मागणारे अडले. डॉस 4 ने 1988 सालीच तो क्रमांक बत्तीस बिटांचा करून मर्यादा उठविली होती, तर थेट सेक्टर वाचणाऱ्या कित्येक दुरुस्ती-प्रोग्रामांना तेवढ्यानेच अशी मोठी डिस्क वाचता येईना. ‘तोच’ हे पद देवदत्ताच्या अंगावर कोठेच लिहिलेले नसते. ते त्याला पूर्वी पाहिलेल्याच्या ठायी असते, आणि दोन्ही दर्शनांनी देवदत्ताची जितकी झडती घेतली तितकी या ओळखणाऱ्याची या दृष्टान्तापुरती तरी घेतली नाही, अशी माझी तक्रार आहे.

हे केवळ यंत्राचे नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यातील कचेऱ्यांचे निजामकालीन रुमाल सुटले, तेव्हा कागद जागच्या जागी होता, शाईही होती. हवे होते ते मोडी आणि उर्दू वाचणारे, आणि तेच दुर्मिळ होते.

आमच्या करसल्लागारांचे हिशेब अखेर छापील कागदांवरून दोन लेखनिकांनी पुन्हा टंकित केले. त्याला सव्वा महिना लागला. ती मूळ फ्लॉपी माझ्या कपाटात आहे. ती घालावयास यंत्र मात्र माझ्यापाशी नाही.