संयम म्हणजे अश्रू गिळणे नव्हे



अहिल्यानगर शहरातून भिंगारकडे जाताना खंदकाने वेढलेला निजामशाहीचा भुईकोट किल्ला लागतो. चांदबीबीच्या पराक्रमामुळे तो आपल्या परिचयाचा आहे. याच किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये, ‘भारत छोडो’ ठरावानंतर, काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना बंदिवासात ठेवण्यात आले. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव यांच्यासमवेत काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष आणि पवित्र कुरआनचे भाष्यकार मौलाना अबुल कलाम आझाद हेही तेथे होते. त्या बंदिवासात मौलानांच्या मनावर आणि शरीरावर जे गुदरले, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ‘मानसिक ताण’ हा शब्द आज घराघरांत ऐकू येतो. म्हणून आपल्याच जिल्ह्यातील त्या कोठडीपासून आपण या विषयाचा विचार करू.

किल्ल्यातील ते दिवस

३ ऑगस्ट १९४२ रोजी मौलाना कलकत्त्याहून मुंबईला निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी जुलैखा बेगम निरोप देण्यासाठी दारापर्यंत आल्या होत्या. त्यांची प्रकृती आधीपासूनच नाजूक होती. पुढे मौलाना किल्ल्यात असताना त्या अत्यवस्थ झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सरकारला काही कळवायचे असेल तर ते तत्काळ पोहोचवू, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. नेहरूंनीही त्यांच्याशी याविषयी बोलून पाहिले. मौलानांनी सरकारकडे कोणतीही विनंती करण्यास नकार दिला.

वरून पाहता त्यांच्या दिनक्रमात काहीच बदलले नाही. पहाटे उठणे, स्वतःच्या हाताने चहा करणे, लेखन, ठरलेल्या वेळी सर्वांसोबत भोजनाला बसणे, सारे पूर्ववत होते. दुपारी वर्तमानपत्र येण्याची वेळ झाली की मात्र पावलांच्या आवाजाने त्यांच्या छातीत धडधड सुरू होई. आपला चेहरा कोणाला दिसू नये म्हणून ते दाराकडे पाठ करून बसत. वर्तमानपत्र हाती आले की हसून घेत आणि जणू काही घाई नाही अशा रीतीने बाजूला ठेवून देत. ९ एप्रिल १९४३ रोजी पत्नीच्या निधनाची तार त्यांच्या हाती पडली. छत्तीस वर्षांचे सहजीवन संपले होते.

दोनच दिवसांनी, ११ एप्रिलला, त्यांनी आपल्या स्नेह्यांना उद्देशून पत्र लिहिले. किल्ल्यातून पाठवता न आलेली ही पत्रे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूपात आली. त्या पत्रात मौलानांनी मोठ्या प्रामाणिकपणे कबुली दिली आहे. हे सर्व शांतपणे सोसण्याच्या प्रयत्नात आपले बाह्यरूप यशस्वी झाले, पण अंतर्मन कदाचित होऊ शकले नाही, असे ते सांगतात. तो निर्विकारपणा म्हणजे अभिमानी मनाने वठवलेली एक भूमिका होती. आपल्या धीरगंभीरपणावर अस्वस्थतेचा डाग पडू नये, एवढ्यासाठी ती होती. आणि मनाला आवरण्याची ही धडपड शरीराला थकवते, ते आतल्या आत झिजू लागते, हेही त्यांनी नोंदवले.

काही महिन्यांत भोपाळहून त्यांच्या भगिनी आबरू बेगम यांच्या निधनाची बातमी आली. मौलानांची अन्नावरची वासना उडाली. अटकेच्या वेळी १७० पौंड असलेले त्यांचे वजन एप्रिल १९४५ मध्ये त्यांना बंगालमध्ये हलवले तेव्हा १३० पौंडांवर आले होते.

मनाचे ओझे शरीर वाहते

मौलानांनी जे अनुभवाने जाणले, त्याची कारणमीमांसा वैद्यकशास्त्र करते. संकटाची चाहूल लागताच मेंदू शरीराला सावध करतो. अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात. ही अल्लाहने दिलेली संरक्षणाची व्यवस्थाच आहे. धोका टळला की शरीर पुन्हा शांत होते. परंतु धोका टळतच नसेल, तर हा इशारा रात्रंदिवस वाजत राहतो. झोप उडते, पचन बिघडते, रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढते, रोगांशी लढण्याची शक्ती घटते.

आपल्या जिल्ह्यातील किती घरांत हा इशारा वाजत आहे! पावसाने ओढ दिली की दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्याची झोप जाते. बाजारात कांद्याचा भाव कोसळला की फेडायच्या हप्त्याचा आकडा डोळ्यांपुढे नाचू लागतो. कारखान्यातील कंत्राटी नोकरी कधी जाईल याची शाश्वती नसते. मुलीच्या लग्नाची चिंता, मुलाच्या परीक्षेचा निकाल, अंथरुणाला खिळलेले वडील, ही ओझी कोणत्या घरात नाहीत? आणि या साऱ्यांत घरातील कर्ता पुरुष गप्प असतो. विचारले तर ‘काही नाही’ म्हणतो. घरातील स्त्रीला तर तेवढेही कोणी विचारत नाही. आपण त्यांना सांगतो, ‘सब्र करा.’ त्यांना ऐकू येते ते मात्र असे, ‘बोलू नका.’

कुरआनने शिकवलेला सब्र

बंधू-भगिनींनो, सब्रचा हा अर्थ अल्लाहच्या ग्रंथातील नाही. सूरह यूसुफ उघडून पाहा. आपल्या लाडक्या पुत्राच्या वियोगाची वार्ता ऐकून ह. याकूब (अ.) यांनी ज्या सब्रचा निर्धार व्यक्त केला, त्याला कुरआनने ‘सब्रुन जमील’, सुंदर संयम, असे नाव दिले. त्याच सूरहमध्ये पुढे सांगितले आहे की, दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले. सुंदर संयमाचा आदर्श असलेला पैगंबर इतका रडला, आणि अल्लाहने त्या अश्रूंबद्दल त्यांना दोष दिला नाही. दोष दिला तो मुलांनी. यूसुफची आठवण काढत तुम्ही स्वतःचा नाश करून घ्याल, असे ते म्हणाले. दुःखिताला आजही आपण हेच ऐकवतो.

ह. याकूब (अ.) यांच्या उत्तरात दोन गोष्टी आहेत. पहिली ही की, आपण आपल्या दुःखाचे गाऱ्हाणे केवळ अल्लाहपाशी मांडत आहोत, असे त्यांनी सांगितले. दुसरी ही की, लगोलग त्यांनी मुलांना आज्ञा केली, जा, यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. रिचर्ड लॅझारस आणि सुसान फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ताणाला तोंड देण्याच्या दोन वाटा सांगितल्या आहेत. एक, मनातील भावना सावरणे. दुसरी, समस्येवर इलाज करणे. सूरह यूसुफमध्ये या दोन्ही वाटा एकाच पित्याच्या मुखातून आपल्यासमोर येतात. नुसते रडत बसणे हा सब्र नव्हे, आणि न रडणे हाही सब्र नव्हे.

प्रेषितांचे (स.) उदाहरण

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम अखेरचा श्वास घेत होते, तेव्हा प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आश्चर्य वाटले. आपणही रडता, असे त्यांनी विचारले. तेव्हा प्रेषितांनी अश्रूंना दया म्हटले. डोळे रडतात, हृदय व्यथित होते, मात्र जिभेवर पालनकर्त्याला अप्रिय असे काही येणार नाही, असे स्पष्ट केले. संयमाची सीमा येथे आखली गेली. ती डोळ्यांवर नाही, जिभेवर आहे.

हिरा गुहेतील पहिल्या वह्यीचा प्रसंगही आठवा. प्रेषित (स.) थरथरत घरी आले, पांघरूण मागितले आणि स्वतःविषयी वाटणारी भीती पत्नीजवळ बोलून दाखवली. ह. खदीजा (रजि.) यांनी ‘पुरुषासारखे पुरुष, घाबरता काय’ असे म्हटले नाही. त्यांनी धीर दिला, पतीचे सद्गुण एकेक करून सांगितले, आणि मग जाणकार असलेल्या वरका बिन नौफल यांच्याकडे त्यांना घेऊन गेल्या. ऐकणे, धीर देणे, जाणकाराचा सल्ला घेणे. प्रत्येक मुस्लिम घराने हा क्रम शिकून घ्यावा.

एखादी गोष्ट चिंतेत टाकी, तेव्हा प्रेषित (स.) नमाजकडे धाव घेत. चिंता आणि दुःख यांपासून अल्लाहचा आश्रय मागण्याची दुआ ते वारंवार करीत. ज्या घरात मृत्यू होई, तेथे जवाच्या पिठाची पातळ खीर, तल्बीना, देण्यास ह. आयेशा (रजि.) सांगत, तिने रुग्णाच्या मनाला आराम पडतो आणि दुःख काहीसे हलके होते, असे त्यांनी प्रेषितांकडून ऐकले होते. ह. जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी अन्न शिजवण्यास प्रेषितांनी इतरांना सांगितले. दुःखी माणसाला उपदेशाआधी गरम घास लागतो, हे प्रेषितांनी (स.) जाणले होते. आणि आजारावर उपचार करण्याची आज्ञा त्यांनी दिली. अल्लाहने प्रत्येक रोगाबरोबर उपायही उतरवला आहे, असे सांगितले. मनाचा आजार त्यातून वगळलेला नाही.

आपण काय करावे?

प्रथम, आपले गाऱ्हाणे सजद्यात अल्लाहपुढे मांडावे, आपल्या मातृभाषेत, मन मोकळे करून. ईशाच्या नमाजनंतर विनाकारण जागू नये आणि फज्रला उठावे. नियमित झोप हे ताणावरचे मोठे औषध आहे. मौलानांनाही कठीण दिवसांत दिनक्रमानेच आधार दिला. किल्ल्याच्या ओसाड अंगणात त्यांनी आणि सोबत्यांनी फुलझाडे लावली. कोठडीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी मौलानांनी मैत्री केली. हाताला काम असले की मनाला टेकण्यासाठी जागा मिळते.

दुसरे, घरात रोज थोडा वेळ मोबाइल बाजूला ठेवून एकमेकांचे ऐकावे. पतीने पत्नीचे, पित्याने मुलाचे ऐकावे, आणि ऐकताना लगेच निवाडा देऊ नये. जमाअतने कर्जात बुडालेल्या बांधवाच्या घरी जावे. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जदारही आहे, हे विसरू नये.

तिसरे, झोप, भूक, कामातील लक्ष दोन-तीन आठवडे हरवलेले राहिले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जाण्यास संकोच करू नये. हे ईमानच्या दुर्बलतेचे लक्षण नव्हे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. स्वतःचा जीव घेण्यास सूरह निसामध्ये मनाई केली आहे, आणि त्याच आयतीत अल्लाह तुमच्यावर दयावंत आहे, असेही सांगितले आहे. ही मनाई दयेपोटी आहे. म्हणून अशा विचारांत सापडलेल्या माणसाला रागावू नका, त्याच्याजवळ बसा.

जून १९४५ मध्ये मौलानांची सुटका झाली. कलकत्त्यात स्वागताला लोटलेल्या गर्दीतून निघताना त्यांनी मोटार आधी पत्नीच्या कबरीकडे वळवण्यास सांगितले. मोटारीत हारांचा ढीग होता. त्यातील एक त्यांनी कबरीवर ठेवला आणि मूकपणे फातिहा पढला. तीन वर्षांपूर्वी दारात निरोप द्यायला आलेली व्यक्ती आता घरी नव्हती. त्यांच्या धैर्याचे मोजमाप करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण आपला धीर वरवरचा होता हे जगाला सांगण्याचे जे धैर्य त्यांनी दाखवले, ते आपण घ्यावे. आज रात्री आपल्या घरात जो कोणी दाराकडे पाठ करून बसला असेल, त्याच्या समोर जाऊन बसावे आणि विचारावे, ‘खरे सांग, कसा आहेस?’

हे अल्लाह! आमच्या घरांतील थकलेल्या मनांना शांती दे. आम्हांला तुझ्यापाशी रडण्याची, एकमेकांचे ऐकण्याची आणि तू उतरवलेले उपाय शोधण्याची सद्बुद्धी दे. आमीन.