न आलेल्या माणसाची विचारपूस

ब्रॅडफर्ड सिटी हा इंग्लंडच्या यॉर्कशायरमधला जुना क्लब. १९९९ ते २००१ अशी दोन वर्षं तो प्रीमियर लीगमध्ये होता. पुढे कर्ज वाढलं, दिवाळं निघायची पाळी आली, एकामागून एक पायऱ्या घसरत २००७ च्या उन्हाळ्यात तो चौथ्या स्तरावर येऊन पडला. हाताशी उरलं होतं पंचवीस हजार माणसं मावतील एवढं व्हॅली परेडचं मैदान. अशा पडत्या काळात कारभाऱ्यांनी अख्ख्या हंगामाचा पास १३८ पौंडांना काढला. घरच्या मैदानावर २३ सामने, म्हणजे सामन्याला सहा पौंड. बारा हजारांहून अधिक पास खपले. संघ त्या वर्षी गुणतक्त्यात मधेच कुठेतरी राहिला. प्रेक्षकांच्या संख्येत मात्र त्या विभागात त्याच्या जवळपासही कुणी नव्हतं.

स्वस्त केलं की लोक येतात, एवढाच धडा यातून घ्यायचा असेल तर तो कुठलाही दुकानदार देईल. मला त्या पासाचं मोल वेगळ्या ठिकाणी दिसतं. एकेका सामन्याचं तिकीट काढणाऱ्या माणसाला दर शनिवारी नव्याने ठरवावं लागतं. बाहेर पाऊस, घरात पाहुणे, टीव्हीवर बड्या क्लबांची रेलचेल, आपला संघ गेल्या खेपेला तीन गोलांनी हरलेला. इतक्या गोष्टींशी झगडून घराबाहेर पडायचं म्हणजे हौस दांडगी हवी. पास घेतलेल्याने ते भांडण मे-जूनमध्येच मिटवलेलं असतं. शिवाय त्याची जागा ठरलेली असते, म्हणून त्याचे शेजारीही ठरतात. चार-पाच सामन्यांत त्यांची नावं कळतात, मग मुलांच्या परीक्षा, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. हंगाम अर्धा होईपर्यंत तो खेळ पाहायला येतो की या माणसांना भेटायला, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. फुकट वाटलेल्या तिकिटाने हे होत नाही. फुकट तिकिटाला पाऊस पडला की घरी बसायची मुभा असते.

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात टीव्हीवर फुटबॉलचा सामना थेट दाखवायचा नाही, असा दंडक आहे. लहान क्लबांची गर्दी घरात बसून राहू नये म्हणून १९६० च्या दशकात बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी त्याचा आग्रह धरला होता. नियम चांगला आहे, टिकावा असंच वाटतं. पण टीव्ही बंद ठेवल्याने माणूस मोकळा होतो. मैदानाकडे वळायला त्याला आणखी काहीतरी लागतं.

ते ‘काहीतरी’ म्हणजे करमणूक, असं जिमी हिल यांना वाटलं असावं, आणि काही काळ ते अगदी बरोबर ठरले. १९६१ च्या अखेरीस ते कोव्हेंट्री सिटीचे व्यवस्थापक झाले तेव्हा क्लब तिसऱ्या विभागात होता. त्यांनी संघाचे कपडे आकाशी केले, बाहेरगावच्या सामन्यांसाठी समर्थकांची खास रेल्वेगाडी सोडली, मैदानावर स्वतःचं रेडिओ केंद्र चालवलं, लहान मुलांना खेळाडूंबरोबर शीतपेय आणि बटाट्याच्या काचऱ्या खायला बोलावलं. १९६७ मध्ये क्लब सर्वोच्च विभागात पोचला. पुढे हेच हिल क्लबचे अध्यक्ष झाले आणि १९८१ मध्ये त्यांनी हायफील्ड रोड हे इंग्लंडमधलं पहिलं पूर्णपणे खुर्च्यांचं मैदान केलं. हुल्लडबाजी थांबावी हा हेतू चांगलाच होता, पण गर्दी ओसरली आणि काही वर्षांत काही खुर्च्या काढाव्या लागल्या. माणूस तोच, कल्पकताही तीच. मला वाटतं, आधीच्या प्रयोगांत त्यांनी लोकांना एकमेकांच्या जवळ आणलं होतं, एका डब्यात बसवलं होतं, एका टेबलाशी बोलावलं होतं. खुर्च्यांनी मात्र वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या टोळक्यांना विस्कटून टाकलं.

लोकांना असं जवळ आणण्याची सगळ्यात बोलकी कहाणी बर्लिनच्या कोपेनिक भागातली आहे. झाडीतल्या वाटेने चालत गेलं की युनियन बर्लिनचं मैदान लागतं. गुणफलक अजून हाताने बदलला जातो, बहुतेक लोक उभे राहून सामना पाहतात. २००३ च्या डिसेंबरात संघ दुसऱ्या विभागात तळाशी होता. नाताळआधीचा शेवटचा सामना संपला आणि वैतागलेले समर्थक एकमेकांना सणाच्या शुभेच्छाही न देता पांगले. टॉर्स्टन आयझेनबाइझर नावाच्या समर्थकाला ही गोष्ट लागली. त्याने निरोप धाडले आणि २३ डिसेंबरच्या संध्याकाळी ८९ जण बंद मैदानात शिरले. परवानगी कुणी मागितली नव्हती. थंडीत गरम मद्याचे पेले हातात घेऊन त्यांनी नाताळची गाणी म्हटली आणि घरी गेले. त्या हंगामाअंती संघ खाली घसरला, पुढच्या हंगामाअंती आणखी खाली, चौथ्या स्तरावर. गाण्याची संध्याकाळ मात्र दरवर्षी वाढत गेली आणि आता तिथे २८,५०० माणसं जमतात.

क्लबने या प्रसंगी केलेली मोठी गोष्ट म्हणजे त्याने त्या ८९ जणांना हाकलून दिलं नाही, उलट पुढे फाटक उघडलं. २००८ मध्ये मैदानाची डागडुजी करायला पैसे नव्हते, तेव्हा दोन हजारांहून अधिक समर्थकांनी कामाचे कपडे चढवले आणि सुमारे १,४०,००० तास बिनपगारी राबून उभं राहायच्या पायऱ्या नव्याने बांधल्या. कुणी काँक्रीट ओतलं, कुणी कठडे रंगवले, कुणी कामावरच्या माणसांना जेवण वाढलं. ज्याने आपल्या हाताने पायरी घातली, त्याला सामन्याची जाहिरात दाखवावी लागत नाही. युनियन २०१९ मध्ये बुंडेसलिगात पोचला, पण ही मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

मराठी वाचकाला यात परकं काही वाटू नये. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या संघांची गाठ पडते तेव्हा हजारो माणसं येतात. देशाच्या फुटबॉलमध्ये ही स्थानिक लीग खालच्या पायरीवरची, पण वरच्या पायरीवरचे कित्येक क्लब या गर्दीचा हेवा करतील. खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं पेठांची आणि तालमींची. आज मैदानावर उतरलेला पोरगा काल गल्लीच्या तोंडाशी उभा होता, आणि तू सामन्याला नव्हतास हे दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर विचारलं जातंच. हीच आपुलकी कधीकधी हाणामारीवर उतरते, सामने थांबवावे लागतात. ते वाईटच, आणि त्याचा बंदोबस्त तालमींनीच करायला हवा. गोव्यात २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, तरी गावागावांतल्या स्पर्धांच्या मैदानाभोवतीची माणसं हटली नाहीत. गाव आपल्या संघाला सोडत नाही, कारण गावातल्यांना एकमेकांपासून लपता येत नाही.

शहरातल्या छोट्या क्लबाकडे अशी पेठ आयती नसते. ती त्याला मैदानाच्या आत घडवावी लागते. सहा हजारांच्या मैदानात नऊशे माणसं येत असतील तर तीन बाजू बंद ठेवून सगळ्यांना एका बाजूला उभं करावं. विखुरलेल्या नऊशेंपेक्षा खेटून उभ्या नऊशेंचा आवाज मोठा आणि ओळखही लवकर होते. फाटकावरचा माणूस दर सामन्याला बदलू नये. अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली या छोट्या इंग्लिश क्लबाने आपल्या भागातल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना क्लबचे शर्ट फुकट दिले. ते मला पटतं, कारण तिकिटासारखा शर्ट एका दिवसात संपत नाही. तो अंगात घालून मूल गल्लीत खेळतं आणि एक दिवस आईबापांना मैदानावर ओढून नेतं.

गर्दी वाढवायची म्हटलं की कारभारी नव्या माणसांचा विचार करतात. त्याआधी प्रत्येक क्लबाच्या कपाटात पडलेली एक यादी काढावी: गेल्या वर्षी पास होता आणि यंदा घेतला नाही, अशांची. त्यातला एखादा आजारी असेल, एखाद्याची नोकरी गेली असेल, एखाद्याचा नेहमीचा जोडीदार वारला असेल आणि एकट्याने यायचा त्याला धीर होत नसेल. या प्रत्येकाला फोन करावा. तो विक्री विभागातल्या मुलाने करू नये, त्याच स्टँडमध्ये त्याच्या शेजारी उभं राहणाऱ्याने करावा. पासाचा विषय आपणहून काढू नये. “बरेच दिवस दिसला नाहीस, बरा आहेस ना?” एवढंच विचारावं, आणि एकट्याने यायचं जड जातंय असं कळलं तर शनिवारी त्याला घ्यायला घरी जावं.