प्रवासाचा बेत आणि पाहण्याचा अधिकार

प्रवासानें मनुष्य शहाणा होतो, असें आपण सर्वच लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु कोणत्या प्रकारच्या प्रवासानें तो शहाणा होतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. बी-बियाणें व लोखंड यांच्या व्यापारावर वाढलेल्या जालन्यासारख्या गांवांतील मध्यम स्थितीचीं कुटुंबेंहि आतां जपान पाहून येण्याचा बेत करूं लागलीं आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. ज्या देशाचें नांव आजोबांनीं केवळ वर्तमानपत्रांत वाचलें, तो देश नातवांनीं डोळ्यांनीं पाहावा, यांत वाईट तें काय? मात्र अशा बेताचा कागद हातीं घेतला म्हणजे मनांत एक प्रश्न उभा राहतो. टोकियो दोन दिवस, फुजी पर्वत एक दिवस, क्योटो दीड दिवस, नारा अर्धा दिवस, हिरोशिमा जातां जातां, अशी ती यादी असते. किती स्थळें पाहावयाचीं हें तींत ठरलेलें असतें. तीं पाहावयास आपण कितपत पात्र झालों आहों, याचा तींत उल्लेखहि नसतो. आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं विषयाच्या आरंभींच अधिकाराचा विचार केला आहे, आणि तेथें अधिकार म्हणजे हक्काची मागणी नव्हे, तर अंगची तयारी. पैसे भरले म्हणजे तिकीट मिळतें. पाहण्याचा अधिकारहि त्याबरोबर मिळतो काय, हाच आमचा आजचा विषय आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू प्रथम मांडली पाहिजे. जो गृहस्थ वर्षानुवर्षें काटकसर करून आईबापांस व मुलांस घेऊन आयुष्यांत एकदांच इतक्या दूर जाणार, त्यानें चार स्थळें अधिक पाहण्याची इच्छा धरली, तर त्यास लोभी म्हणणें अन्यायाचें होईल. पुन्हां येणें घडणार नाहीं, ही त्याची भीति खरी आहे. उलट, बेतच करूं नये, पाय नेतील तिकडे जावें, असें सांगणारा एक पंथ आहे. परंतु ज्याच्यापाशीं वेळ व पैसा दोन्ही मुबलक आहेत, त्यालाच हा उपदेश परवडतो. शिवाय जपानांत तो फारसा चालतहि नाहीं. क्योटो येथील कात्सुरा हा राजघराण्याचा वाडा व त्याचें उद्यान पाहावयाचें, तर राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या खात्याची परवानगी बहुधा आगाऊ घ्यावी लागते. तेव्हां बेत करावा कीं न करावा, हा वादच नव्हे. बेतांत काय मोजावें, हा खरा वाद आहे.

या वादाचें उत्तर क्योटोच्याच एका मंदिरानें दिलें आहे. साइहोजी हें बौद्ध मंदिर आपल्या बागेंतील शेवाळाच्या हिरव्या गालिच्यामुळें प्रसिद्ध आहे. पाहणारांची गर्दी अनावर झाली, तेव्हां १९७७ सालीं मंदिरानें सर्वांस मोकळें असलेलें दार बंद केलें. तेव्हांपासून आधीं अर्ज करावा लागतो, आणि बागेंत पाऊल टाकण्यापूर्वीं मंदिरांत बसून बौद्ध सूत्राची नक्कल करण्याची प्रथा आहे. पाहुण्यास त्या लिपींतील एकहि अक्षर कळत नसलें तरी चालतें. अक्षरामागून अक्षर गिरवितांना मनाची घाई ओसरते, आणि मग जो मनुष्य बागेंत जातो, तो दारांत आलेल्या मनुष्याहून थोडा निराळा असतो.

याच्या उलट उदाहरणहि जपानांतच सांपडतें. शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची, सुमारें १,२०० किलोमीटरांची जुनी यात्रा आहे. प्रत्येक मंदिरांत यात्रेकरूच्या वहींत शाईनें अक्षरें लिहून तांबडा शिक्का उमटवितात. या नोंदीस नोक्यो म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच सूत्र अर्पण करणें असा आहे. मूळांत स्वहस्तें लिहिलेलें सूत्र देवळांत वाहिल्याची ती पोंच होती. पुढें लिहिणें मागें पडलें आणि थोडे पैसे दिले कीं शिक्का मिळूं लागला. कर्म गेलें आणि पोंच राहिली! आपण प्रवासांत घेतलेलें छायाचित्र ही अशीच एक पोंच आहे. पाहिल्याची ती खूण खरी. परंतु पाहणेंच झालें नसेल, तर ती कशाची खूण म्हणावी?

आमच्या यात्रेकरूंचा बेतहि कांहीं सैल नसे. पंढरीच्या वारीचे मुक्काम ठरलेले, निघण्याची वेळ ठरलेली, दिंड्यांचा क्रमहि ठरलेला. तरीहि वाटेंत किती गांवें झालीं, असें वारकऱ्यास कोणी विचारीत नाहीं. वारी घडली कीं चुकली, एवढेंच विचारतात. काशीहून परतलेला मनुष्य मावंदें घालून चार माणसांस जेवूं घाली, तेव्हां कोठें त्याची यात्रा पुरी होई. जाण्यापूर्वीं नेम आणि आल्यावर मावंदें, या दोहोंच्या मध्यें प्रवास बसविलेला होता. आमच्या नव्या बेतांत मधला भाग तेवढा राहिला, आणि दोन्ही टोकें गळालीं.

पाहणें म्हणजे काय, हें आमच्या जिल्ह्याच्या शेजारींच एका जपानी पाहुण्यानें दाखवून दिलें आहे. आराई काम्पो हे चित्रकार १९१६ सालीं हिंदुस्थानांत आले आणि अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्यांनीं तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृति केल्या. त्या प्रतिकृति टोकियोच्या विद्यापीठांत असतां १९२३ च्या भूकंपांत जळून गेल्या. मग ते श्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पुढें १९४० मध्यें जपानांतील होर्युजी मंदिराच्या प्राचीन बौद्ध भित्तिचित्रांच्या नकला करण्याचें काम सुरू झालें, तेव्हां त्या कामांत आराई होते. अजिंठ्यानें घडविलेला डोळा व हात तेथें उपयोगीं पडला. पोंच जळाली, परंतु अधिकार राहिला.

हा प्रश्न केवळ पाहणाराच्या लाभाचा असता, तर ज्याची त्यानें आवड पाहावी, असें म्हणून आम्ही थांबलों असतों. परंतु जें आपणांस प्रेक्षणीय स्थळ, तें दुसऱ्या कोणाचें तरी घर असतें. क्योटोच्या गिओन वस्तींत कामावर निघालेल्या गेइशा स्त्रियांस अडवून छायाचित्रें घेण्याचा प्रकार इतका वाढला, कीं २०२४ सालीं तेथील खासगी गल्ल्या पाहुण्यांस बंद झाल्या आणि १०,००० येन दंडाच्या पाट्या लागल्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत फुजीच्या पायथ्याशीं फुजिकावागुचिको गांवीं, एका दुकानामागें दिसणाऱ्या पर्वताच्या छायाचित्रासाठीं उडणारी झुंबड आवरेना, म्हणून रस्त्याच्या कडेस काळा पडदा उभारावा लागला. आपल्या पर्वताचें दर्शन आपल्याच हातानें झांकण्याची पाळी यजमानावर यावी, याहून पाहुण्यास लाजिरवाणें तें काय?

यादीचा दुसरा अन्याय आम्हां जालनेकरांस अधिक परिचयाचा आहे. यादी एका गांवास तुडविते, तर दुसऱ्यास ओलांडून जाते. सिल्लोडमार्गें अजिंठ्यास जाणाऱ्या असंख्य पाहुण्यांपैकीं भोकरदनकडे वळणारा विरळा. हें भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहुत येथील शिलालेखांत तेथील दात्यांचे उल्लेख आहेत. १९७३ च्या सुमाराच्या उत्खननांत तेथें सांपडलेल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें, इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशीं विलक्षण साम्य आहे. आधीं भोकरदन पाहा आणि मगच जपानला जा, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें कोतेपणाचें होईल. परंतु यादींत नसलेली वस्तु ज्याला दिसतच नाहीं, त्याला यादींतील वस्तु तरी कितपत दिसत असेल, याची शंका घेण्यास जागा आहे.

क्योटोच्या र्योआनजी मंदिरांत पांढऱ्या वाळूवर १५ दगड मांडलेले आहेत. पडवींत कोठेंहि बसलें, तरी एक तरी दगड दुसऱ्याआड राहतो. सर्व पाहून झालें, असें म्हणण्याची सोयच तेथें ठेवलेली नाहीं. बेत करणारानें ही मांडणी ध्यानांत धरावी. कांहीं सुटणारच, हें एकदां मान्य केलें, म्हणजे काय सोडावें याचा विचार शांतपणें करतां येतो. दहांतलीं चार स्थळें वगळावीं. उरलेल्या प्रत्येक स्थळाविषयीं घरांतील एकेकानें आधीं वाचून इतरांस सांगावें. म्हाताऱ्या माणसांस नुसतें बसून राहतां येईल अशी एक सकाळ मोकळी ठेवावी. जेथें यजमानास उपद्रव होतो असें कळेल, तेथें न जाणें हेंहि बेताचेंच अंग समजावें. आणि परत आल्यावर शेजारच्या मुलांस बोलावून, छायाचित्रें दाखविण्यापूर्वीं, जें पाहिलें तें तोंडानें सांगावें. जें सांगतां येईल तेवढेंच आपण पाहिलें, असा हिशेब धरल्यास फारसें चुकणार नाहीं.