न कापलेल्या गवताचा धूर

हा अंक हाती पडेल तेव्हा रत्नागिरीच्या सड्यांवरचं गवत पिवळं पडू लागलेलं असेल. जांभ्या कातळावर माती जेमतेम वीतभर, कुठे तेवढीही नाही. पण चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पिऊन सड्यावर गुडघ्याएवढं आणि वरकस उतारांवर कमरेएवढं गवत उभं राहतं. मार्गशीर्षापर्यंत त्यातला ओलावा जातो. जानेवारी उजाडला की रात्री कुठल्या ना कुठल्या डोंगरावर लाल रेघ सरकताना दिसू लागते, आणि ती शिमगा उलटून गेला तरी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी येते. अमुक गावात वणवा, आंब्या-काजूची इतकी कलमं होरपळली, इतक्या लाखांचं नुकसान, पंचनामा झाला. हे नुकसान खरंच आहे. दहा-पंधरा वर्षं पाणी घालून वाढवलेलं कलम एका दुपारी जातं आणि त्याबरोबर एका घराचं पुढच्या दोन दशकांचं उत्पन्न जातं. पण त्या बातमीत धुराविषयी एक ओळही नसते. जळलेली झाडं मोजता येतात. ती राख होताना जे हवेत गेलं आणि खालच्या वाडीतल्या माणसांनी रात्रभर छातीत घेतलं, त्याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. मला या धुराविषयी लिहायचं आहे. आणि धुराविषयी लिहायचं तर गवताविषयी लिहावं लागतं, कारण माझ्या मते रत्नागिरीच्या हवेचा प्रश्न निम्मा तरी गवताचा प्रश्न आहे.

रत्नागिरीची हवा शुद्ध, हे आपण गृहीतच धरलेलं आहे. मुंबईत दमा वाढला की डॉक्टरही सांगतात, थोडे दिवस गावी जाऊन या. केंद्र सरकारने २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर, कोल्हापूर, सांगली अशी शहरं आहेत, रत्नागिरी नाही. रत्नागिरीची दिल्ली झाली आहे असं मीही म्हणत नाही. पावसाळ्यात समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याइतकी स्वच्छ हवा देशात फार थोड्या ठिकाणी मिळत असेल. पण वर्षाचे आठ महिने पावसाळा नसतो.

हिवाळ्याच्या अखेरीस इथे वारे दिवसातून दोनदा दिशा बदलतात. दुपारी खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि डोंगरावरचा धूर पूर्वेकडे, सह्याद्रीच्या दिशेने ढकलतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि वारा उलटा वाहू लागतो, मतलई होतो. मग आतल्या गावांच्या उतारांवरचा धूर खोऱ्याखोऱ्यांतून किनाऱ्याकडे उतरतो. थंड हवा जड असल्याने तो वर जात नाही. नदीकाठच्या वाड्यांवर, कोंडांवर आणि शेवटी शहरावर अंथरल्यासारखा पडून राहतो. शहरात पहाटे दार उघडल्यावर जो जळका वास येतो तो पुष्कळदा शहराचा नसतोच. अर्थात शहर त्यात आपली भर घालतं: अंगणातला पातेरा, झावळ्या, आणि त्यांच्याबरोबर प्लॅस्टिक. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात दिला. तो किती अंगणांपर्यंत पोचला हे सकाळी सात वाजता कुठल्याही आळीतून चालत गेल्यावर कळतं.

हे सगळं आकड्यांत का दिसत नाही? कारण हवेची मानकं सरासरीवर चालतात. अडीच मायक्रोमीटरपेक्षा बारीक कणांसाठी आपलं राष्ट्रीय मानक चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. आता एक वाडी कल्पा. तिथे बावीस तास हवा चांगली आहे, २० मायक्रोग्रॅम. रात्रीचे दोन तास वणव्याच्या धुराने तोच आकडा ४०० वर गेला. सरासरी काढली तर ५२ येते. ६० च्या आत, आणि सरकारी वर्गवारीत ‘समाधानकारक’. त्या दोन तासांत खाटेवर उठून बसलेल्या म्हाताऱ्याला, छातीत घरघर सुरू झालेल्या पोराला हा शब्द कोण ऐकवणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली. त्या मापाने आपली काल्पनिक वाडी वणवा नसतानाही नापास होते.

धूर दिसतो तेवढाच असतो असा आपला समज आहे. ज्वाळा उंच असतात तेव्हा गवत चटकन जळतं आणि धूर त्यामानाने कमी होतो. खरा धूर ज्वाळा संपल्यावर सुरू होतो, जेव्हा ओला पाला, कुजकं लाकूड, शेण धुमसत राहतं. आग विझली म्हणून वाडीतली माणसं झोपायला जातात तीच वेळ सर्वांत वाईट असते. हे बारीक कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. दम्याइतकाच त्यांचा संबंध हृदयविकाराशी आहे. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात जे प्रचंड वणवे लागले त्यांच्या आगीत ३३ माणसं गेली. तिथल्या संशोधकांनी धुरामुळे झालेल्या मृत्यूंचा अंदाज काढला तेव्हा तो ४१७ निघाला. आगीच्या दहापटीहून जास्त बळी धुराने घेतले होते, आणि ते जंगलापासून दूर, शहरांतल्या घरांत आणि इस्पितळांत. २०२३ च्या जूनमध्ये कॅनडातल्या वणव्यांनी न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं, तेव्हा तिथल्या मराठी घरांतूनही खिडक्या बंद केल्याचे फोन इकडे आले. आपण काळजीने चौकशी केली. आपल्याच डोंगरामागच्या धुराची अशी चौकशी आपण कधी केली आहे?

कोकणात हे वणवे निसर्ग लावत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत इथे वीज पडत नाही म्हटलं तरी चालेल. जी आग लागते ती माणसाच्या हातून. कुणी बागेभोवतीचं गवत जाळून पट्टा साफ करायला जातो आणि वारा फिरतो. कुणाला वाटतं, जाळल्यावर पुढच्या साली गवत चांगलं फुटतं. कुणी शिकारीसाठी, कुणी विडीचं थोटूक टाकून, कुठे तारांची ठिणगी, कुठे नुसतीच खोडी. आणि या यादीत पहिलं नाव नेहमी घेतलं जातं ते राब भाजणाऱ्या शेतकऱ्याचं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. भाताचा तरवा टाकण्याआधी जमिनीवर शेण, कवळ, गवत, पातेरा यांचे थर रचून भाजावळ करायची, ही पद्धत फार जुनी. जमीन भाजल्याने तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं. इंग्रजांच्या वन खात्याला ती डोळ्यांत खुपत होती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्यावरून एवढा असंतोष माजला की १८८० च्या दशकात मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. तेव्हापासून आगीचा दोष कुणावर टाकायचा हे जणू ठरून गेलं आहे. पण भाजावळ ही राखलेली आग असते. ती ठरलेल्या तुकड्यात, माणसं उभी राहून लावतात. राबाला आज पर्याय आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सांगितलेले गादीवाफे आहेत. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा भात तंत्र आहे, ज्यात नांगरणी आणि लावणी दोन्ही टळतात, म्हणून तरवाही नको आणि राबही नको. ते पसरायला हवेत, यात वाद नाही. पण उद्या एकही राब भाजला गेला नाही तरी डोंगर जळतच राहतील, कारण जळायला जे लागतं ते तिथे उभंच असेल.

पूर्वी ते उभं राहत नसे. गवत हे पीक होतं. दसऱ्यानंतर विळे परजले जायचे. कापलेल्या गवताचे भारे बांधून माच रचले जायचे. घराघरात गुरं होती, त्यांना पुढचा पावसाळा येईपर्यंत तेच लागायचं. गरिबाचं घर त्यानेच शाकारलं जायचं. डोंगर माघात उघडा-बोडका दिसायचा, आणि उघड्या डोंगराला आग लागली तरी ती जाणार कुठे? मग घरांवर कौलं आली, कौलांवर पत्रे आणि स्लॅब आले. बैलांच्या जागी पॉवर टिलर आले, दूध पिशवीतून येऊ लागलं, गोठे रिकामे झाले. यातल्या एकाही बदलाला मी वाईट म्हणणार नाही. ज्यांनी गवताचे भारे डोक्यावरून वाहिले त्या बायकांना विचारा. पण गवताला गिऱ्हाईक उरलं नाही आणि गवत मात्र उगवायचं थांबलं नाही.

कापायला माणूसही उरलं नाही. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाख सत्त्याण्णव हजारांच्या घरात होती. २०११ साली ती सोळा लाख पंधरा हजारांवर आली. त्या दशकात महाराष्ट्रातल्या ज्या तीन जिल्ह्यांत माणसं कमी झाली ते तीन म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. २०११ च्याच गणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. हा आकडा मुलींच्या जन्माचा अभिमान म्हणून मिरवता येत नाही. पुरुष निघून गेलेल्या घरांचा तो आकडा आहे. मागे राहिलेल्या बायका आणि म्हातारी माणसं घराजवळचं भात कसंबसं करतात. वरचा डोंगर सुटतो. नाचणी-वरी गेली तशी वरकस जमीन पडीक झाली आणि तिच्यावर गवत, रान, करवंदीच्या जाळ्या माजल्या.

आणि ती जमीन कुणाची? सातबारा काढून बघा. आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, चुलते, लग्न होऊन गेलेल्या आत्या. तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी हयात नाहीत आणि उरलेली परळ, डोंबिवली, नालासोपाऱ्यात. सगळ्यांची म्हणून जमीन कुणाचीच नाही. तिच्यावरचं गवत कापायचं कुणी, कापायला मजुरी द्यायची कुणी, आणि ती पेटली तर जबाबदार कुणाला धरायचं? शेजारच्या ज्याने कर्ज काढून कलमं लावली, तो मात्र दर जानेवारीत रात्री जागून काढतो.

कायदाही इथे तोकडा पडतो. १९२७ च्या वन अधिनियमात जंगलाला आग लावणं गुन्हा आहे, पण तो राखीव आणि संरक्षित वनांसाठी. रत्नागिरीत वन खात्याची जमीन फारच थोडी. उपग्रहाला निम्मा जिल्हा जंगल दिसतो खरा, पण त्यातलं बहुतेक मालकीचं. जाळरेषा काढायची ती सरकारी वनात. सामाईक खातेदारांच्या डोंगरावर कोण काढणार? भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या सूचना मिळतात, २०१७ पासून त्या पावणेचारशे मीटरच्या बारकाव्याने मिळू लागल्या. पण ते उपग्रह साधारण मध्यान्हीनंतर आणि मध्यरात्रीनंतर वरून जातात. संध्याकाळी पाचला लागलेली आणि नऊला संपलेली गवताची आग या दोन फेऱ्यांच्या मधे येते आणि राहून जाते. जमिनीवर नोंद नाही, आकाशातही नाही.

हवेसाठी रत्नागिरीकर लढत नाहीत असं मुळीच नाही. जयगडला कोळशावरचा १२०० मेगावॉटचा वीज प्रकल्प आला तेव्हा आंबा बागायतदारांनी त्याच्या पर्यावरण मंजुरीला आव्हान दिलं आणि २००९ साली ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गाजलं. भीती निराधार नव्हती. उत्तरेत वीटभट्ट्यांच्या धुराने आंब्याचं टोक काळं पडून फळ नासतं, हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीतल्या वायूंविरुद्ध आसपासची गावं वर्षानुवर्षं बोलत आली आहेत. महामार्गाच्या रखडलेल्या कामाची धूळ आणि चिरेखाणींची धूळ यांवरही लोक रस्त्यावर उतरले. या लढ्यांत समोर कुणीतरी होतं: कंपनी, कंत्राटदार, मंत्रालय. वणव्याच्या धुरात समोर कुणी नाही. तिथे आपणच आहोत, आपली रिकामी घरं आणि आपला सामाईक सातबारा आहे. म्हणूनच त्याविषयी मोर्चा निघत नाही, आणि म्हणूनच त्याविषयी बोलणं मला जास्त निकडीचं वाटतं.

काय करता येईल हे फार गुंतागुंतीचं नाही. आंबा-काजूच्या बागांना उन्हाळ्यात बुंध्याशी आच्छादन लागतं. ओल धरायला कापलेल्या गवतासारखं दुसरं काही नाही. म्हणजे गवताला गिऱ्हाईक आहे, फक्त ते डोंगरावरून बागेपर्यंत यायला हवं. सगळा डोंगर कापायचीही गरज नाही. वाड्यांभोवती, बागांच्या कडेने, पाखाडीच्या दोन्ही बाजूंनी रुंद पट्टे कापले तरी आग अडते. त्याला मजूर लागतील, आणि मजुरीला पैसे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, देशाने तो कित्येक वर्षांनी उचलला. रस्ते, तळी, बांध ही कामं ज्या राज्याने सार्वजनिक हिताची मानली, त्याला नोव्हेंबरातलं गवत कापणं तसं मानायला काय हरकत असावी? आणि पंचनाम्याला जाणारा माणूस जळलेली कलमं मोजतोच आहे, तर त्या रात्री आरोग्य केंद्रात धाप लागून किती जण आले, हेही त्याने विचारून लिहावं. पाच वर्षं लिहिलं तर धूर पहिल्यांदा सरकारी कागदावर येईल.

अडचण एकच आहे आणि ती पंचांगातली आहे. चाकरमानी गावी येतो तो गणपतीला आणि शिमग्याला. गणपतीत डोंगर हिरवागार असतो. पाहून डोळे निवतात, आगीचा विचार कुणाच्या मनात येणार? शिमग्याला तो पुन्हा येतो तेव्हा डोंगर काळा असतो. गवत कापायची वेळ नेमकी या दोन सणांच्या मधे येऊन जाते, सातबाऱ्यावरची नावं मुंबईत असताना. तेव्हा वाडीच्या बैठकीत गणपतीतच ठरलं पाहिजे: पालखीची, देवळाच्या रंगाची वर्गणी ठरते तशी घरटी गवताची वर्गणी, कुठले पट्टे कापायचे, काम कुणाला द्यायचं, कापलेलं गवत कुणाच्या बागेत जायचं. यंदाचा गणपती होऊन गेला. पण वाडीच्या मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप गट प्रत्येकाच्या फोनवर आहे आणि गवत अजून पुरतं वाळलेलं नाही. देवदिवाळीपर्यंत वेळ आहे.